टेबलामागचा माणूस कुठे आहे?

जुन्या मालिकांना आता मरण उरलेले नाही. एकेकाळी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी टीव्हीसमोर बसावे लागे. चुकली तर चुकली. आता वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची मालिका तुकड्या-तुकड्यांनी मोबाइलवर येते आणि जी मुले तेव्हा जन्मलीही नव्हती ती तिच्यावर पोट धरून हसतात. आमच्या नववीच्या वर्गातल्या मुलांना मुसद्दीलाल माहीत आहे. पंकज कपूर हे नाव अनेकांना ठाऊक नाही, पण या कार्यालयातून त्या कार्यालयात हेलपाटे घालणारा तो बापुडा माणूस सर्वांना ठाऊक आहे. दादीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून, रिमोट हातात न धरता पाहाव्यात अशा मालिका फार थोड्या. 'ऑफिस ऑफिस' ही त्यांतली एक. तिच्यात सासू-सुनेचे कट नाहीत, रडारड नाही, मारामारी नाही.

म्हणूनच या महिन्यात तिच्याविषयी लिहायचे ठरवले. तिची स्तुती पुष्कळ झाली आहे आणि ती बरीचशी रास्तही आहे. आम्हाला पाहायचे आहे ते वेगळेच. तिचे कथानक कुठे कच्चे राहिले, पात्रे कुठे अर्धवट राहिली, आणि त्या कच्चेपणाची किंमत आपल्या घरात कोण मोजतो?

आधी ओळख. 'ऑफिस ऑफिस' २००१ मध्ये 'सब टीव्ही'वर सुरू झाली. दिग्दर्शक राजीव मेहरा, लेखक अश्वनी धीर. मुसद्दीलाल त्रिपाठी झाला पंकज कपूर, ज्याला आमच्या वयाची माणसे १९८५ च्या 'करमचंद'पासून ओळखतात. समोरच्या टेबलांवर ठरलेली सहा माणसे : देवेन भोजानीचा पटेल, मनोज पाहवाचा भाटिया, संजय मिश्राचा शुक्ला, हेमंत पांडेचा पांडेजी, आपल्या मराठी रंगभूमीवरच्या आसावरी जोशीची उषाजी आणि ईवा ग्रोव्हरची टीना. गंमत अशी की कार्यालय दर वेळी बदलते आणि माणसे तीच राहतात. आज पेन्शन, उद्या इस्पितळ, परवा पोलीस ठाणे. मुसद्दीलाल कुठेही जावो, टेबलामागे हेच सहा जण. ही कल्पना मात्र खरोखर अस्सल होती. खाते बदलले तरी वागणूक बदलत नाही, हे सामान्य माणसाचे दुखणे लेखकाने एकही भाषण न देता सांगितले. पंकज कपूरने तर मुसद्दीलालच्या चेहऱ्यावर जी सोशिक मवाळी आणली ती विसरता येत नाही. हे श्रेय त्यांचे त्यांना देऊन पुढे जाऊ.

पहिला कच्चेपणा पात्रांचा. या सहा जणांपैकी प्रत्येकाला लेखकाने एकच लकब दिली आहे. पटेल कोणत्याही प्रश्नाचे उत्तर 'दो बातें' सांगून सुरू करतो. उषाजी 'वही तो' म्हणत मान डोलावते. भाटियाचे तोंड खाण्यात गुंतलेले, शुक्लाचे पानात. पहिल्या पाच-सहा भागांत या लकबींवर हसू येते. दहाव्या भागात पटेलने तोंड उघडण्याआधीच आपण त्याचे वाक्य म्हणून टाकतो. पंधराव्या भागात लक्षात येते, की या माणसाबद्दल आपल्याला तेवढेच माहीत आहे जेवढे पहिल्या भागात होते. शाळेत मुले शिक्षकांच्या नकला करतात. त्यात एका सरांचे खाकरणे असते, दुसऱ्या सरांचे खडू फेकणे असते. नक्कल दोन मिनिटांची असते म्हणून ती शोभते. तीच नक्कल वर्षभर चालवली तर सर नाहीसे होतात आणि खाकरणे तेवढे उरते.

राजीव मेहरा आणि पंकज कपूर या जोडीने १९९३ मध्ये 'जबान संभाल के' ही मालिका केली होती. 'माइंड युवर लँग्वेज' या ब्रिटिश मालिकेवर ती बेतलेली होती. त्यात पंकज कपूर हिंदी शिकवणारा शिक्षक होता आणि टॉम ऑल्टरसारखे विद्यार्थी समोर होते. शिक्षक म्हणून आम्हाला ती जवळची वाटायची. पण दोष तिथेही हाच होता. प्रत्येक विद्यार्थी आपल्या प्रांताचा किंवा देशाचा एक नमुना. त्याचे उच्चार हसवतात आणि संपतात. वर्गात कोणी शिकत नाही, कारण शिकला तर विनोद संपेल. 'ऑफिस ऑफिस'मध्ये विद्यार्थ्यांच्या जागी कारकून आले, एवढेच.

दुसरा कच्चेपणा याहून खोल आहे. या सहा जणांना घर नाही. म्हणजे संध्याकाळी ते कुठे जातात, पगार किती, कोणाच्या डोक्यावर कर्ज आहे, कोणाची मुलगी लग्नाची आहे, वरचा साहेब दरमहा किती मागतो, बदलीची भीती कोणाला आहे, हे मालिकेला विचारावेसे वाटत नाही. ते लाच का घेतात? मालिकेचे उत्तर असे, की ते तसेच आहेत म्हणून घेतात. हे उत्तर विनोदाला पुरते, कथेला पुरत नाही. ज्या माणसाच्या वागण्याला कारण नाही त्याच्या बदलण्यालाही कारण देता येत नाही. मग तो शेवटपर्यंत तसाच राहणार.

उर्दू शिकलेल्या घरांत प्रेमचंदांची 'नमक का दारोगा' ही कथा ठाऊक असते. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट. मुन्शी बंसीधर नोकरीच्या शोधात निघतो तेव्हा त्याचा म्हातारा बाप त्याला उघड सांगतो, की पगारापेक्षा वरच्या कमाईकडे लक्ष दे. बाप दुष्ट नाही. घरावर कर्ज आहे, मुली वाढत आहेत, हातपाय थकले आहेत. त्या एका प्रसंगात प्रेमचंदांनी लाचेचे मूळ दाखवले आणि ते कार्यालयात नसून घरातल्या खाटेजवळ आहे हे दाखवले. पुढे बंसीधर पंडित अलोपीदीनच्या मिठाच्या गाड्या अडवतो, हजारोंची लाच नाकारतो, त्याला अटक करतो. न्यायालयात श्रीमंत सुटतो आणि दारोग्याची नोकरी जाते. घरी आल्यावर बाप, आई, बायको सगळेच त्याच्यावर नाराज. मग एक दिवस तोच अलोपीदीन दारात येतो आणि आपल्या साऱ्या मालमत्तेचा कारभार या प्रामाणिक माणसाच्या हाती देतो. शेवट थोडा गोड वाटतो हे खरे. पण त्या छोट्या कथेत चार माणसे बदलताना दिसतात, कारण त्यांना गमावण्यासारखे काहीतरी आहे. 'ऑफिस ऑफिस'च्या इतक्या भागांत कोणाचे काही जात नाही. शुक्लाला शिक्षा झाली तरी पुढच्या भागात तो दुसऱ्या खात्यात पान चघळत बसलेला असतो.

येथे कोणी म्हणेल, गुरुजी, ती विनोदी मालिका आहे, तिला प्रेमचंदांच्या तराजूत कशाला घालता? हसवायचे काम केले, झाले. ही हरकत मान्य करण्याजोगी आहे, म्हणून तिला विनोदी मालिकेनेच उत्तर देऊ. त्याच २००१ साली 'स्टार प्लस'वर 'जी मंत्रीजी' आली. 'येस मिनिस्टर' या १९८० च्या ब्रिटिश मालिकेची ती हिंदी आवृत्ती. फारुख शेख मंत्री झाले होते आणि जयंत कृपलानी त्यांचे सचिव. तिथेही सरकारी कार्यालय, तिथेही फायली, तिथेही काम टाळण्याचे शंभर मार्ग. पण तिथे प्रत्येकाला काहीतरी हवे आहे. मंत्र्याला लोकांत नाव हवे आहे, शिवाय थोडे चांगलेही करायचे आहे. सचिवाला खात्याचा अधिकार आणि खर्च शाबूत ठेवायचा आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात आणि म्हणून त्यांच्या झटापटीतून हसू येते. हसता हसता प्रेक्षकाला कारभार कसा चालतो हेही कळते. विनोद आणि कारण एकमेकांचे वैरी नाहीत, हे समजायला एवढे पुरे.

तिसरा कच्चेपणा कथानकाचा. मुसद्दीलाल कधी हरतो, कधी एखाद्या युक्तीने सुटतो; पण पुढच्या भागात पुन्हा तितकाच भाबडा होऊन दारात उभा. इतके टक्केटोणपे खाऊन माणूस काहीच शिकत नाही? आपल्या मोहल्ल्यातली एखादी विधवा बाई निराधार योजनेसाठी चार चकरा मारते तेव्हा पाचव्या वेळी तिला कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो हे पाठ झालेले असते. शेजारणीला ती सांगते, झेरॉक्स दोन नको, तीन घेऊन जा. हे शहाणपण मुसद्दीलालला कधी येत नाही, कारण आले तर मालिका बंद पडेल.

आणि तो नेहमी एकटा का असतो? हा आम्हाला सर्वांत मोठा प्रश्न वाटतो. सरकारी कार्यालयात एकटा माणूस कधी पाहिला आहे का? जळगावला तहसीलमध्ये जा, धुळ्याला जा, बाकावर जागा मिळत नाही. पारोळ्याहून आलेला म्हातारा, यावलहून आलेला तडवी बाप आणि त्याची कॉलेजातली मुलगी, बुरख्यातली बाई आणि तिचा फाइल धरलेला धाकटा भाऊ, सगळे एकमेकांना विचारत असतात, तुमचे काय काम आहे, साहेब आले का. रांग ही सुद्धा एक संस्था असते. रांगेत माहिती फिरते, राग फिरतो, कधी चहाही फिरतो. मालिकेने रांगच पुसून टाकली. मग एका बाजूला सहा जण आणि दुसऱ्या बाजूला एक, असा सामना उरतो आणि त्याचा निकाल आधीच ठरलेला असतो.

२०११ मध्ये याच मंडळींचा 'चला मुसद्दी ऑफिस ऑफिस' हा चित्रपट आला. त्यात मुसद्दीलाल निवृत्त शिक्षक आहे. पेन्शन खात्याने त्याला मृत ठरवले आहे आणि तो जिवंत असल्याचे त्याला सिद्ध करायचे आहे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणाऱ्या आमच्या निवृत्त सहकाऱ्यांना ही कल्पना फार दूरची वाटणार नाही. इथे कथेला निदान दिशा आहे, कारण माणसाला एक ठाम गोष्ट हवी आहे. पण खऱ्या जगात याच विषयावर एक माणूस लेखकापेक्षा भारी कथानक जगून गेला आहे. उत्तर प्रदेशातल्या आझमगड जिल्ह्यातला लाल बिहारी. हातमागाच्या धंद्यासाठी कर्ज काढायला गेला तेव्हा त्याला कळले की सरकारी कागदांवर तो मेलेला आहे. नातेवाइकांनी जमिनीसाठी हे केले होते. हे साधारण १९७५ च्या सुमाराचे. जिवंत ठरायला त्याला १९९४ उजाडले. मधल्या काळात त्याने काय केले नाही? नावापुढे 'मृतक' लावले. आपल्यासारख्या कागदोपत्री मेलेल्यांचा 'मृतक संघ' काढला. आपले नाव सरकारी नोंदीत कुठेतरी जिवंत म्हणून यावे यासाठी १९८९ मध्ये अमेठीतून राजीव गांधींविरुद्ध लोकसभेला उभा राहिला. त्याच्यावर २०२१ मध्ये सतीश कौशिक यांनी 'कागज' हा चित्रपट काढला, पंकज त्रिपाठी त्यात नायक आहे. लाल बिहारी आणि मुसद्दीलाल, दोघेही गरीब, दोघेही कागदाचे मारलेले. फरक हा, की लाल बिहारीने आपल्यासारखे दुसरे शोधले. त्याची कथा पुढे सरकली ती तिथून.

चौथी उणीव अशी, की कामाच्या ठिकाणावरच्या या मालिकेत काम दिसत नाही. टेबले आहेत, फायलींचे ढीग आहेत, पण त्या फायलींत काय आहे, ती एका टेबलावरून दुसऱ्यावर का जाते, नोंद कोण घेतो, सही कोण करतो, हे कळत नाही. खान्देशात कामाची जागा म्हटली की डोळ्यांसमोर हाताने काम करणारी माणसे येतात. भुसावळचे रेल्वे यार्ड, रावेरला केळीचे घड ट्रकमध्ये भरणारे मजूर, शेजारच्या मालेगावचे यंत्रमाग. अमळनेरात १९४५ मध्ये मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी वनस्पती तेलाचा कारखाना काढला. आज जगभर 'विप्रो' म्हणून ओळखली जाते ती कंपनी तिथेच जन्मली. अशा जागी विनोद कमी नसतो. पण तो कामातून निघतो. माप चुकते, धागा तुटतो, गाडी येते आणि माल तयार नसतो.

मालेगावच्या पोरांनी तुटपुंज्या साधनांवर केलेले छोटू दादाचे व्हिडिओ आपल्या मुलांना पाठ आहेत. त्यांतही 'ऑफिस ऑफिस'चीच युक्ती आहे : नायक तोच, धंदा दर वेळी नवा. छोटू दादा कधी ट्रॅक्टरवाला, कधी आणखी कोणी. त्यांत आरडाओरडा फार, कथानक जेमतेम. पण निदान तो काहीतरी विकतो, चालवतो, दुरुस्त करतो, फसतो आणि फसवतो. कामाचा घाम त्यात आहे. मराठीतही २०२३ मध्ये 'सोनी मराठी'ने 'पोस्ट ऑफिस उघडं आहे' ही मालिका आणली. मकरंद अनासपुरे, समीर चौघुले आणि 'हास्यजत्रे'तली ओळखीची मंडळी त्यात होती. टपाल खाते निवडले हे चांगले केले, कारण पत्र पोहोचवणे हे काम सर्वांना समजते आणि प्रत्येक पत्रात एक गोष्ट असते. पण प्रहसनाच्या मंचावर तयार झालेल्या कलाकारांना प्रत्येक प्रसंग टाळीवर संपवायची सवय असते. टाळीवर संपलेला प्रसंग पुढच्या प्रसंगाला जन्म देत नाही. दहा मिनिटांचे प्रहसन आणि महिनोन्महिने चालणारी मालिका यांची शिवण वेगळी असते, हे आपल्याकडच्या निर्मात्यांनी अजून पुरते मनावर घेतलेले नाही.

आता आणखी एक गोष्ट, थोडी हसत आणि थोडी खिन्न होऊन सांगण्याची. पटेल, भाटिया, शुक्ला, पांडे, उषाजी, टीना. या नेहमीच्या सहा जणांत एकही शेख, पठाण किंवा तडवी नाही. म्हणजे लाच खाण्यातही आमचा वाटा नाही! विनोद बाजूला ठेवू. आमचा कोणी खलनायक झाला नाही याबद्दल कुरकुर नाही. पण टेबलामागे आपल्यासारखे कोणी बसू शकते, हे चित्रच पडद्यावर नसते. आपल्या मुलांच्या मनात सरकारी कार्यालय म्हणजे जिथे आपण नेहमी टेबलाच्या अलीकडे असतो ती जागा. पलीकडे कोण बसते? 'ते'. आणि 'ते' कसे असतात? मालिकेत दाखवले तसे.

याचा पुरावा आम्हाला वर्गात मिळाला. मराठीच्या तासाला नववीच्या मुलांना संवादलेखन दिले : शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला गेलेला विद्यार्थी आणि कारकून. वह्या तपासताना एकाच वर्गाचे नव्हे, एकाच माणसाचे लेखन वाचत आहोत असे वाटले. बहुतेक सर्वांचा कारकून पान खात होता किंवा समोसा खात होता. बहुतेक सर्वांनी त्याच्या तोंडी चहापाण्याची मागणी घातली होती. ज्या मुलांनी आयुष्यात कधी तहसीलची पायरी चढलेली नाही त्यांनीही. फक्त एका मुलीचा कारकून वेगळा होता. तो घड्याळाकडे पाहत होता, कारण त्याचा मुलगा दवाखान्यात होता. तो दाखला देतो, पण उद्या या म्हणतो आणि मुलगी म्हणते, सर, उद्या शेवटची तारीख आहे. त्या एका संवादात पुढे काय होईल याची उत्सुकता होती. बाकी संवादांचा शेवट पहिल्या ओळीतच कळत होता. विचारल्यावर समजले, तिचे मामू पंचायत समितीत लिपिक आहेत. तिने टेबलामागचा माणूस घरी जेवताना पाहिला होता.

कच्च्या पात्रांची किंमत ती हीच. जे मूल कारकुनाला जन्मजात लाचखाऊ समजते ते मोठे होऊन कार्यालयात जाण्याआधीच दलालाकडे जाते. आपल्या घरांत हे रोज घडते. आपल्या नावांचे घोटाळे आपल्याला ठाऊक आहेत : आधारवर 'शेख', शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शैख', शिधापत्रिकेवर वडिलांचे नाव मोहम्मद आणि बँकेत नुसते 'मो.'. दुरुस्तीसाठी अब्बांना सुटी मिळत नाही, अम्मीला एकटीने जायचा संकोच. मग कोणीतरी म्हणतो, पाचशे रुपये दे, घरबसल्या होईल. पैसे दिले जातात, कधी कागद मिळतो, कधी चुकीचा मिळतो. आणि घरात कोणी या देण्याला रिश्वत म्हणत नाही, 'खर्च' म्हणतात. घेणारा आणि देणारा दोघेही गुन्हेगार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो; तरी जीभ किती सहज नवा शब्द शोधते!

'ऑफिस ऑफिस' सुरू झाली तेव्हा मुसद्दीलालच्या हातात फारसे काही नव्हते, हे मान्य केले पाहिजे. त्यानंतर पुष्कळ बदलले. केंद्राचा माहितीचा अधिकार कायदा ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. दहा रुपये शुल्क भरून आपला अर्ज कुठे अडला आहे हे लेखी विचारता येते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने लोकसेवा हक्क कायदा केला. कोणती सेवा किती दिवसांत, ती देणारा अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे, हे कार्यालयाने फलकावर लावले पाहिजे. अर्जाची पोच मिळाली पाहिजे. मुदत उलटली किंवा विनाकारण नकार मिळाला तर तीस दिवसांत अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून लाच देणाराही शिक्षेस पात्र आहे. मात्र ज्याला देणे भाग पाडले गेले त्याने सात दिवसांत तक्रार केली तर त्याला संरक्षण आहे. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. कायदा असला की सगळे सुरळीत होते, असा भाबडेपणा आमच्यात नाही. पण आज जो मुलगा जुनी मालिका पाहून हसतो, त्याला मुसद्दीलालच्या खिशात आता काय काय आहे हे कोणीतरी सांगितले पाहिजे. मालिका ते सांगणार नाही.

आणि विचार करा, यांतल्या एकेका कलमातून केवढे कथानक निघते! मुसद्दीलाल अर्जाची पोच मागतो आणि पटेलला पहिल्यांदाच दोन गोष्टी सुचत नाहीत. रांगेतली बाई फलक वाचून दाखवते आणि भाटियाचा घास हातात राहतो. शुक्ला एक दिवस स्वतःच्या आईच्या पेन्शनसाठी दुसऱ्या कार्यालयात जातो आणि टेबलाच्या अलीकडे उभा राहतो. यांत हसू कमी होईल असे आम्हाला वाटत नाही. उलट ते हसू घरी जाताना सोबत येईल.

आमचे म्हणणे मालिका पाहू नका असे मुळीच नाही. जरूर पाहा, मुलांसोबत पाहा. फक्त एखादा भाग संपला की ताटावर बसता बसता तीन प्रश्न टाका. हा कारकून घरी गेल्यावर कोण त्याची वाट पाहत असेल? मुसद्दीलालने आज रांगेत दुसऱ्या कोणाला बरोबर घेतले असते तर काय झाले असते? आणि तू त्या टेबलामागे बसलास किंवा बसलीस, तर पहिल्या दिवशी काय करशील? तिसरा प्रश्न मुलींना तर नक्की विचारा. उत्तरे सुरुवातीला मालिकेतलीच येतील, पान आणि समोशाची. दोन-तीन वेळा विचारल्यावर मुले स्वतःची उत्तरे शोधू लागतात, हा वर्गातला अनुभव आहे. आपल्या घरात काय उत्तरे आली ती आम्हाला पत्राने कळवा. निवडक उत्तरे पुढच्या एखाद्या लेखात घेऊ.